हजारांतले पाच, हजारांतले सहा

हैदराबादच्या हबसीगुड्यात एका तिमजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्रिवेणी बिरादार अकरा वर्षं नोकरी करत होती. औषधांच्या मोठमोठ्या चाचण्यांचे इंग्रजी निबंध तिथे यायचे, तिथले डॉक्टर त्यांचा पानभर सारांश साध्या इंग्रजीत लिहायचे, आणि मग तो तेलुगू, हिंदी, कन्नड, मराठीत जायचा. मराठी म्हणजे त्रिवेणी. ही पत्रकं पुढे दवाखान्यांत आणि औषधांच्या दुकानांत ठेवली जात. त्यांच्यावर कंपनीचं नाव असे, अनुवाद करणाऱ्याचं नसे, आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं.

तिचे आजोबा भालकीकडचे शेतकरी. वडील प्रतापराव रेल्वेत लागले तेव्हा कुटुंब सिकंदराबादला आलं आणि मग अंबरपेठेत स्थिरावलं. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात दखनी अशा तिन्ही भाषा तिच्या तोंडात लहानपणापासून बसल्या होत्या. मराठी मात्र ती शाळेत शिकली होती आणि जिवापाड जपून होती. तिच्या मैत्रिणींच्या मुलांना मराठी बोलता येई, वाचता येत नसे. म्हणून ही पत्रकं वाचणारे बहुतेक साठीपुढचेच असत, हे ती जाणून होती. लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे तेच असत. ‘उच्च रक्तदाब’ लिहिलं की शेजारी ‘बीपी’ लिहायचंच. वाक्य दहा-बारा शब्दांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. आणि पत्रक ऑफिसात द्यायच्या आधी आईला वाचून दाखवायचं.

आई, म्हणजे कुसुमताई, सातवी शिकलेल्या. प्रतापराव गेल्यावर त्या लेक-जावयाकडेच राहत होत्या. वय चौऱ्याहत्तर, कान तिखट, आणि लेकीच्या कामाचा अभिमान एवढा, की भजनाला जाताना पिशवीत दोन-चार पत्रकं घेऊनच निघायच्या. कोणाला गुडघ्याचं, कोणाला साखरेचं. आमच्या त्रिवेणीनं लिहिलंय, असं सांगून वाटायच्या.

चार वर्षांपूर्वी त्रिवेणीने रक्त पातळ ठेवणाऱ्या एका गोळीच्या चाचणीचं पत्रक केलं होतं. हृदयाचा झटका येऊ नये, म्हणून आधीपासूनच रोज घ्यायची गोळी. इंग्रजीतलं एक वाक्य शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणलं तर असं होत होतं: ‘औषध सर्वसाधारणपणे चांगले सोसले गेले.’ त्रिवेणीला ते अवघडलेलं वाटलं. असं कोण बोलतं? तिने ते बदलून लिहिलं, ‘ही गोळी चांगली सोसते.’ कुसुमताईंनी ऐकलं आणि मान डोलावली. आता कसं बोलल्यासारखं वाटतंय, म्हणाल्या.

गेल्या वर्षी कुसुमताईंच्या डॉक्टरांनी तीच गोळी त्यांना सुरू करून दिली. हृदयाची काही तक्रार नव्हती, पण वय झालंय, बीपी आहे, खबरदारी म्हणून. कुसुमताईंनी घरी येऊन ते पत्रक शोधून काढलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून नेमाने गोळी घेऊ लागल्या.

आठ महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, त्या न्हाणीघराच्या दारात कोसळल्या. त्रिवेणी डबा भरत होती. धप्पकन आवाज आला म्हणून ती धावली, तर आईचा चेहरा पांढराफटक आणि हातपाय गार. त्रिवेणीचा नवरा विजय रेल्वेत नोकरीला होता, त्याची त्या दिवशी सुट्टी होती. त्याने सासूला उचलून रिक्षात घातलं आणि पंधरा मिनिटांत दवाखाना गाठला. पोटात व्रण होऊन आतल्या आत रक्त जात होतं. दोन बाटल्या रक्त चढवलं, दुर्बीण घालून रक्त थांबवलं, गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी कुसुमताई उशीला टेकून बसण्याइतक्या बऱ्या झाल्या.

तेव्हा डॉक्टरांनी विचारलं की शौचाला काळं कधीपासून होत होतं. तीन आठवडे झाले असतील, असं कुसुमताई सहज सांगून गेल्या. आत रक्त जात असल्याची तीच खूण होती, असं डॉक्टर त्रिवेणीला सांगून गेले.

“आई, तीन आठवडे? मला का नाही सांगितलंस?”

कुसुमताईंनी चादरीची कड सारखी केली. “तुझ्या कागदात लिहिलं होतं की, चांगली सोसते म्हणून. सगळ्यांना सोसतीय अन् मलाच सोसंना झालीय, हे काय सांगायचं? उगं तुम्हाला परेशान कशाला करू. गोंगुऱ्याचं लोणचं जास्त झालं असंल म्हणलं.”

 त्रिवेणीने आईला पेज भरवली, तोंड पुसलं, आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. विजय चहा घेऊन आला. चहा गार झाला तरी तिने पेल्याला हात लावला नाही. आईने आजार लपवला याचा राग तिला येत नव्हता. चार शब्दांचं एक वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं, आणि ते तिने स्वतः, बोलल्यासारखं वाटावं म्हणून, घासूनपुसून लिहिलं होतं.

कुसुमताई घरी आल्यावर त्रिवेणीने ते पत्रक काढून समोर ठेवलं. फायद्याच्या परिच्छेदात होतं: ‘या गोळीमुळे हृदयाच्या झटक्याचा धोका पंचवीस टक्क्यांनी कमी झाला.’ पानाच्या मागच्या बाजूला, त्रासांच्या परिच्छेदात होतं: ‘गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण केवळ ०.६ टक्क्यांनी वाढले. ही गोळी चांगली सोसते.’ एकीकडे पंचवीस, दुसरीकडे एकही धड नाही. कोणीही वाचलं तरी गोळी घ्यावी असंच वाटेल. पण पंचवीस टक्के म्हणजे कशाचे पंचवीस, हा प्रश्न तिने कधी विचारलाच नव्हता. तिचं काम भाषेचं. आकडे वरून यायचे, ती ते जसेच्या तसे उतरवायची.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने सायलीला गाठलं. सायली मुंबईहून आलेली डॉक्टर, तिशीची, इंग्रजी सारांश लिहिणाऱ्यांपैकी एक. या पत्रकाचा इंग्रजी सारांश तिच्या आधीच्या कोणीतरी लिहिलेला होता. त्रिवेणीने मूळ निबंध मागितला तेव्हा सायलीने कारण विचारलं, आणि कारण ऐकल्यावर स्वतःची खुर्ची ओढून शेजारी बसली. दोघींनी मिळून नवव्या पानावरचा तक्ता वाचला. त्रिवेणीने एका बाजूला मराठीत हिशेब मांडला. टक्के तिला हातात धरल्यासारखे वाटेनात, म्हणून तिने सगळं हजार माणसांवर आणलं.

गोळी न घेणाऱ्या हजार माणसांपैकी पाच वर्षांत वीस जणांना झटका आला. घेणाऱ्या हजारांपैकी पंधरा जणांना. विसाचे पंधरा झाले, म्हणजे पंचवीस टक्के कमी. गणित बरोबर होतं, पण माणसं पाच होती. गंभीर रक्तस्राव न घेणाऱ्यांत आठ जणांना झाला, घेणाऱ्यांत चौदा जणांना. जास्तीचे सहा. हजारांत सहा म्हणजे शून्य पूर्णांक सहा टक्के, तेही बरोबर. त्याखालची ओळ सारांशात आलीच नव्हती. एकूण मृत्यू इकडेही एकतीस आणि तिकडेही एकतीस.

“फायदा असा सांगितला की मोठा दिसावा,” सायली हळूच म्हणाली, “आणि त्रास असा सांगितला की बारीक दिसावा. दोन्हीकडे एकच पद्धत वापरली असती, तर फायदा अर्धा टक्का आणि त्रास त्याहून थोडा जास्त.”

“आणि सोसते? ते कुठून आलं?”

सायलीने निबंधात शोधलं. गोळी मध्येच सोडून देणाऱ्यांची संख्या दोन्हीकडे साधारण सारखी होती, तेवढ्यावरून लेखकांनी तसं लिहिलं होतं. ज्यांनी त्रास होऊनही निमूट गोळी चालू ठेवली, ते सगळे सोसणाऱ्यांत धरले गेले होते. त्रिवेणीला आपली आई दिसली. तीही अगदी कोसळेपर्यंत सोसणाऱ्यांतच होती.

सायलीने एक गोष्ट मात्र बजावली. झटका आणि रक्तस्राव सारखे नव्हेत. रक्तस्राव झालेले बहुतेक लोक बरे होतात, झटक्यानंतर हृदय कमकुवत राहू शकतं. एखाद्याला पाचाचा फायदा सहाच्या त्रासाहून मोलाचा वाटेल, आणि त्यात तो चुकला असं म्हणता येणार नाही. त्रिवेणीने ते मान्य केलं. तिचं म्हणणं एवढंच होतं की ठरवणाऱ्याच्या हातात दोन्ही आकडे एकाच मापाचे पडावेत.

विभागाचा प्रमुख पुष्कर. पुण्याचा, पस्तिशीतला, वागायला सभ्य, कामात चोख. त्याने सगळं ऐकून घेतलं, कुसुमताईंची चौकशी केली, आणि मग सांगितलं की मजकूर क्लायंटने, म्हणजे गोळी बनवणाऱ्या कंपनीने, मंजूर केलेला आहे, अनुवाद करणाऱ्याने अनुवाद करावा. पत्रकाचा नमुना ठरलेला असतो, तक्त्याला त्यात जागाच नाही. शेवटी तो म्हणाला, “ताई, यात एक तरी वाक्य खोटं आहे का, दाखवा.”

“एकही नाही,” त्रिवेणी म्हणाली. “म्हणून तर मला चार वर्षं कळलं नाही.”

 पण काही बदललं नाही.

त्रिवेणीने ठरवलं की आपल्या म्हणण्याला पुरावा जोडायचा. तिने त्याच पत्रकाचा नवा मजकूर लिहिला. टक्का एकही नाही, सगळं हजार माणसांवर. मग दर रविवारी सकाळी स्वयंपाक आटपून ती बाहेर पडू लागली. अंबरपेठेतल्या ओळखीच्या घरी, नल्लकुंट्याच्या भाजीबाजारामागे राहणाऱ्या मावसबहिणीच्या इमारतीत, भजनी मंडळाच्या बायकांकडे. आधी जुनं पत्रक वाचून दाखवायचं आणि दोन प्रश्न विचारायचे. हजार जणांनी ही गोळी घेतली, तर किती जणांचा झटका टळेल? किती जणांना त्रास होईल? मग नवा मजकूर वाचायचा आणि तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. उत्तरं ती एका दोनशेपानी वहीत टिपून घेई.

जुन्या पत्रकावर बहुतेकांचं उत्तर अडीचशे आलं. काहींचं साडेसातशे. एका निवृत्त शिक्षकांनी तर, झटका येणारच नाही, असं छातीठोक सांगितलं. त्रास किती जणांना, यावर जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच, कोणालाच नाही. नवा मजकूर ऐकल्यावर लोक थांबत, पुन्हा वाचायला सांगत, आणि मग पाच आणि सहा म्हणत. ते दोन आकडे दर वेळी तोंडातून बाहेर पडले की त्रिवेणीला अंगात बळ आल्यासारखं वाटे. तीन रविवारांत सतरा जण झाले.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, भाजीच्या गाड्यापाशी तिला भामाकाकू भेटल्या. भामाकाकूंचे यजमान हिम्मतराव म्हणजे प्रतापरावांचे रेल्वेतले जुने सोबती, एकाहत्तर वर्षांचे. त्रिवेणीने गेल्याच रविवारी त्यांना दोन्ही मजकूर वाचून दाखवले होते आणि त्यांनी दोन्ही उत्तरं अचूक दिली होती. भामाकाकू खुशीत होत्या. तुझ्या काकांनी रविवारपासून ती गोळी बंद केलीय, त्यांनी सांगितलं. तू एवढं समजावून सांगितलंस, बरं झालं बाई, एक औषध कमी झालं.

त्रिवेणीच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. हिम्मतरावांना दोन वर्षांपूर्वी झटका येऊन गेला होता. हृदयाच्या नळीत स्टेंट होता. भाजी तिथेच टाकून ती भामाकाकूंबरोबर त्यांच्या घरी गेली, हिम्मतरावांना चप्पल घालायलाही वेळ न देता उठवलं, आणि रिक्षाने त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत हिम्मतराव समजूत घालत होते, मला काही होत नाहीय पोरी, तू कशाला घाबरतेस. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं आणि गोळी तिथल्या तिथे चालू केली. सुदैवाने काही बिघडलं नव्हतं. पण डॉक्टरांनी त्रिवेणीला आत बोलावून चांगलंच खडसावलं. स्टेंट असलेल्या माणसाचा हिशेब पूर्ण वेगळा असतो, त्याने अशी गोळी मनाने सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. तुम्ही काय वाचून दाखवलंत यांना?

चाचणी ज्यांना हृदयविकार कधीच झाला नव्हता अशाच लोकांवर झाली होती. जुन्या पत्रकात ते एका बारीक ओळीत तळाशी होतं. त्रिवेणीने नवा मजकूर सुटसुटीत करताना ती ओळ गाळली होती. पुन्हा बोलल्यासारखं वाटावं म्हणून.

दोन दिवस तिने वहीला हात लावला नाही.  शनिवारी सकाळी ती म्हणाली की मी हे सोडून देते, माझ्या हातून माणूस गेला असता. विजय दाढी करत होता. तो आरशातूनच म्हणाला की सोडायचं तर सोड, पण बाकी सोळा जणांचं काय? त्यांतल्या कोणाच्या छातीत काय आहे, हे तुला ठाऊक आहे का?

ते तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने चहा संपवला, वही घेतली, आणि शनिवार-रविवार मिळून त्या सोळाही घरांत पुन्हा जाऊन आली. माझ्याकडून एक गोष्ट सांगायची राहिली, ती माझी चूक झाली, असं प्रत्येक दारात म्हणाली. ज्यांना आधी झटका किंवा लकवा येऊन गेलाय, किंवा स्टेंट बसवलाय, त्यांच्यासाठी हे आकडे नाहीत. आणि कोणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरूही करायची नाही आणि बंदही करायची नाही. चूक कबूल करताना पहिल्या दोन-तीन घरांत तिचे कान लाल झाले. पुढे सवय झाली. एका घरी आजी बाहेरगावी गेली होती, तर त्रिवेणीने फोन नंबर मिळवून तिला तिकडे गाठलं.

सोमवारी तिने सायलीला सगळं सांगितलं. सायली बराच वेळ वही चाळत राहिली. मग दोघींनी नवा मजकूर पुन्हा लिहायला घेतला. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, हे पत्रक कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही. मग फायदा. त्याच्याच शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, त्रास. मग मृत्यूंची ओळ. मग लगेच दवाखान्यात जायची लक्षणं. ‘सोसते’ हा शब्द गेला. त्याच्या जागी आलं: ‘त्रास होत असेल तर तो तुमचा दोष नाही. लगेच सांगा.’ पुढचे चार रविवार त्रिवेणी हा मजकूर घेऊन फिरली. एकूण एक्केचाळीस जण झाले. आता ती तिसरा प्रश्नही विचारू लागली, हे तुमच्यासाठी आहे का? त्याचं उत्तर चुकलं की ती घरी येऊन वरची ओळ दुरुस्त करी. ती ओळ सहा वेळा बदलली.

वहीतल्या उत्तरांचा तक्ता करून तिने पुष्करच्या टेबलावर ठेवला. सोबत एक ओळ लिहिली, की जुन्या पद्धतीच्या पत्रकाचा अनुवाद मी यापुढे करणार नाही. पुष्करने नाइलाजाने तिला दुसऱ्या कामावर टाकलं. कपडे धुण्याच्या यंत्रांची आणि मिक्सरची माहितीपुस्तकं. चार महिने त्रिवेणीने ती पुस्तकं मन लावून केली. चिडली नाही, रजा घेतली नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मात्र ती पुष्करला त्याच विषयावर एक पत्र पाठवी, सायलीचीही त्यावर सही असे. चौथ्या पत्रानंतर पुष्करने तक्ता क्लायंटच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवून दिला. तुम्ही ऐकणार नाही, हे मला आता पटलंय ताई, एवढंच तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच थोडा हसला.

त्या अधिकाऱ्यांचं नाव डॉक्टर अरविंद. पन्नाशीपुढचे, कमी बोलणारे. त्यांनी व्हिडिओवर बैठक ठेवली. पुष्कर, सायली आणि त्रिवेणी एका खोलीत बसले. डॉक्टर अरविंदांनी तक्ता वाचलेला होता. आकडे त्यांच्याच निबंधातले असल्यामुळे त्यांना हरकत घेता येत नव्हती. त्यांनी अडचण सांगितली ती वेगळी. ते त्रिवेणीशी मराठीतच बोलले.

“पंचवीस टक्के काढून तुम्ही हजारांत पाच लिहिता. आमचे विक्रीचे लोक म्हणतील, आकडा छोटा दिसतो.”

“छोटाच आहे ना, डॉक्टर?” त्रिवेणी म्हणाली.

 मग डॉक्टर अरविंदांनी मधला मार्ग सुचवला, की हजारांतले आकडे घाला, पण पंचवीस टक्केही राहू द्या. पुष्करने त्रिवेणीकडे बघितलं. तिला वाटलं हा अडून बसायचा क्षण आहे, पण सायलीने कागदावर काहीतरी खरडून तिच्यापुढे सरकवलं. त्रिवेणीने ते वाचलं आणि शांतपणे सांगितलं की चालेल. फक्त मग त्रासाचेही टक्के त्याच पद्धतीने लिहू. झटके पंचवीस टक्क्यांनी कमी, गंभीर रक्तस्राव पंचाहत्तर टक्क्यांनी जास्त. आठाचे चौदा म्हणजे तेवढेच होतात. दोन्ही एकाच ओळीत, शेजारी शेजारी.

आठ दिवसांनी निरोप आला. विक्रीच्या लोकांनीच विनंती केली होती की पत्रकात टक्के नकोत. हजार माणसांवर लिहिलेलं बरं.

नवं पत्रक उन्हाळ्याच्या तोंडावर छापून आलं. जुन्या प्रती परत मागवायला कंपनी तयार झाली नाही, संपतील तशा संपतील असं ठरलं. त्रिवेणीला ते मान्य नव्हतं. तिने अंबरपेठ आणि नल्लकुंटा इथल्या बावीस औषधदुकानांत स्वतः जाऊन जुनी पत्रकं गोळा केली आणि नवी ठेवली. दोन दुकानदारांनी वरून सांगितल्याशिवाय देणार नाही म्हटलं. त्यांच्याकडे ती चार वेळा गेली. एकाने पाचव्या खेपेला गठ्ठा दिला, दुसऱ्याने शेवटपर्यंत दिला नाही. तेलुगू आणि कन्नडच्या अनुवादकांनीही आपापली पत्रकं त्याच क्रमाने करून घेतली. सायलीने ऑफिसात नियमच करून टाकला, की फायदा ज्या मापाने सांगाल त्याच मापाने त्रास सांगायचा, आणि ‘चांगले सोसले गेले’ कोणी लिहिलं तर ते कोणी मोजलं हे विचारायचं. पुष्करने त्या नियमावर सही केली.

कुसुमताईंच्या डॉक्टरांनी ती गोळी कायमची थांबवली, बीपीची तेवढी ठेवली. हिमोग्लोबिन भरून यायला पाच महिने लागले. त्या आता पुन्हा भजनाला जातात, पण पत्रकं तशीच वाटत नाहीत. वाटण्याआधी वाचतात, आणि त्रिवेणीला चुका दाखवतात. ‘विष्ठा’ कोण म्हणतं गं, असं म्हणून त्यांनी नव्या पत्रकातलं एक वाक्य बदलायला लावलंच. हिम्मतराव आपली गोळी घेतात. त्रिवेणी भेटली की डब्बी खिशातून काढून तिला दाखवतात. ती हसत नाही, डब्बीवरची तारीख तपासते.

गेल्या सोमवारी गुडघ्यात द्यायच्या एका इंजेक्शनचा सारांश तिच्याकडे आला. दुखणं किती कमी झालं, ते वर्षभर मोजलेलं होतं. त्रास मात्र फक्त पहिल्या सहा आठवड्यांचे लिहिले होते. त्रिवेणीने अनुवादाचं पान उघडलं नाही. आधी सायलीला फोन लावला आणि उरलेल्या साडेदहा महिन्यांत लोकांना काय काय झालं, ते निबंधात कुठल्या पानावर आहे, असं विचारलं.